न धुतलेली लोकर

आधी हिराबायचं नाव लिहून ठेवते. पुढं लिहिता लिहिता माझा गोंधळ होणार, हे मला माहीत आहे. कोण आधी बोललं, कोण मागून बोललं, मी नेमकी कुठं उभी होते, हे अजूनही माझ्या डोक्यात दरवेळी वेगळं लागतं. पण या गावात मी राहिले ती भाईंदरजवळच्या मुर्ध्याच्या हिराबायमुळं, एवढं एक पक्कं आहे. तिचं घर खाडीच्या अंगाला. नवऱ्याची लहान होडी होती, तो गेल्यावर होडी पुतण्यानं नेली आणि हिराबायकडं उरली ती चार मांजरं नि क्रोशाची सुई. ती वाचायला शिकली नव्हती, म्हणून हे प्रकरण तिला मोठ्यानं वाचून दाखवावं लागेल. माझंही शिक्षण फार नाही. माझी लेक चौथीत आहे, ती माझ्या वेलांट्या दुरुस्त करते आणि मधूनच विचारते, आई, मांजरांना सोफा कशाला लागतो? मी तिला सांगते, हाच प्रश्न मलाही पडला होता आणि अजून सुटलेला नाही.

मी नववीत नापास झाले. दोनच विषय राहिले होते, पण परत त्याच वर्गात जाऊन खालच्या मुलींबरोबर बसायचं माझ्यानं झालं नाही. रोज दप्तर भरायचे आणि रोज पोटात दुखायचं. मला कुणी मारलं नाही की रागावलं नाही. बापूंनी एकदा भिंतीवरच्या तसबिरीकडं पाहिलं, मग माझ्याकडं न पाहता सायकल काढून बाहेर गेले. आमच्या घरात तेवढं पुरे होतं. त्या दिवसापासून मी घरात पाय न वाजवता चालायला लागले. पुढं किनवटकडच्या आमच्या गावात शांतामावशी एका लग्नाला आली आणि जाताना मला घेऊन निघाली. माय म्हणाली, चार महिने राहू दे, काही शिकली तर बरंच आहे. बापू म्हणाले, दिवाळीपर्यंत. दिवाळीनंतर पाहुणे येणार होते बघायला, आणि तोवर मला हाताला काही काम लागलं नाही तर मी परत जायचं, असं ठरलं. कुणी ठरवलं ते मला कळलं नाही. मला विचारलं नव्हतं, आणि विचारलं असतं तर काय सांगितलं असतं तेही मला माहीत नव्हतं.

मावशीचं घर भाईंदरला, हाटकेशात, कारखान्यांच्या गाळ्यांच्या मागच्या बाजूला. एक खोली, पुढं हातभर गॅलरी. मावशी, काका, त्यांची दोन पोरं आणि मी. सकाळी आठला शेजारच्या गाळ्यातली पत्रा कापायची मशीन सुरू व्हायची, ठप्प, ठप्प, ठप्प, आणि तिच्या तालावर मावशी भाकरी थापायची. पीठ गावाकडून आलेलं असेपर्यंत भाकरी ज्वारीची, मग विकतच्या पिठाची. ती थापताना चिरायची आणि मावशी पिठाला शिव्या द्यायची. लसणाचा ठेचा, कधी पिठलं, रविवारी बोंबील. संध्याकाळी मशीन थांबली की कान बधिर झाल्यासारखे वाटायचे. एवढ्या माणसांत आपण जास्तीचं एक माणूस आहोत, हे मला जेवताना हटकून आठवायचं. मी अर्धी भाकरी कमी खायचे आणि मावशी ती अर्धी माझ्याच ताटात परत टाकायची. "उपाशी राहून कुणाचं भलं करायलीस गं?" म्हणायची.

मावशी जेसल पार्कात एका सोसायटीत साफसफाईच्या कामाला होती. तिथं तिसऱ्या मजल्यावर शेफाली मॅडम राहायच्या. मॅडम मांजरांसाठी फर्निचर करून फोनवरून विकायच्या. मावशीनं हे घरी येऊन सांगितलं तेव्हा काका हसून लोळायचे बाकी राहिले. सोफा, बाज, हात असलेली खुर्ची, टांगायचा झोपाळा, सगळं बोटभर-हातभर मापाचं, वरून क्रोशानं विणलेलं. "आपल्याला बसायला एक स्टूल न्हाई," मावशी म्हणाली, "अन् मांजराला सोफा. जाशील का शिकायला?" मला वाटलं मावशी थट्टा करतेय. दुसऱ्या दिवशी तिनं मला खरंच नेलं.

त्या घरात गेल्यावर कुठं बसावं ते मला कळेना. खाली पाहिलं तर एक लाल सोफा, दोन उश्यांसकट, माझ्या गुडघ्यापर्यंतही न येणारा. त्याच्या शेजारी बाज, तिच्या चारी पायांना विणलेले मोजे. भिंतीला टेकून एक बाई फरशीवर बसलेली. नऊवारी गुडघ्यापर्यंत ओढलेली, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. ती न बघता विणत होती आणि तोंडानं मॅडमना सांगत होती की तुमचं मांजर काय सोफ्यावर बसत न्हाय, ते सोफ्याखाली बसतंय, तर सोफ्याचे पाय उंच करा. मॅडम म्हणाल्या, "हिराबाय, कस्टमरला फोटोत कसं दिसतं ते इम्पॉर्टंट आहे." हिराबाय म्हणाली, "मंग कस्टमरलाच बसवा." मी उभीच होते. तिनं माझ्याकडं पाहिलं नि शेजारची फरशी हातानं पुसून दिली.

मी तिला काकी म्हणायला लागले. आधी 'तुम्ही' म्हणायचे, तिनं दोन दिवसांत ते सोडवलं. साखळी, मुका खांब, खांब. हे तिन्ही टाके मी चार दिवसांत शिकले, कारण पाठ करायचं म्हटलं की मला भीतीच जास्त काम करायला लावते. पण माझा हात घट्ट. इतका की विणलेलं कापड पुठ्ठ्यासारखं उभं राहायचं. हाटकेशच्या गाळ्यातून पाइपांचे सांगाडे यायचे, ते मीच रिक्षात मांडीवर घेऊन जायचे. त्यांच्यावर माझं कव्हर चढायचंच नाही. उसवायचं, परत विणायचं, परत तेच. मॅडम काही बोलल्या नाहीत, फक्त कॅलेंडरकडं बघून म्हणाल्या की दिवाळीच्या ऑर्डरी येतायत. मला दिवाळी म्हटलं की पाहुणे दिसायचे.

हिराबायनं मला मोठ्या नंबरची सुई दिली, तरी फरक पडेना. मग तिनं एक दिवस माझी बोटं हातात घेऊन पाहिली. "तू मुकी बसून विनतेस ना, म्हनून," ती म्हणाली. "त्वांड बंद तर हात बंद. बोलत विन."

मी म्हटलं, काय बोलू?

"काय पन. खोटं बोललीस तरी चालंल."

खोटं काय बोलायचं ते सुचेना, म्हणून मी खरं सांगितलं. शाळेचं, तसबिरीचं, दिवाळीनंतरच्या पाहुण्यांचं. ती हूं हूं करत होती, मधूनच 'खांब चुकला' म्हणत होती. त्या दुपारी माझ्या हातून पहिली उशी नीट झाली. आजही माझ्याकडं शिकायला येणाऱ्या चौघीजणींना मी सांगते की गप्प बसून विणू नका. त्यांना वाटतं मला गप्पा मारायची आवड आहे.

लोकर निवडायला मात्र तिच्याइतकं कुणाला जमलं नाही. भाईंदरच्या बाजारात एका गुजराती शेठचं दुकान होतं, आत जाड काचेची कपाटं, वर ट्यूबलाइट. हिराबाय लोकरीचा गुंडा घ्यायची आणि चालत रस्त्यावर यायची. शेठ म्हणायचे, "मौसी, अंदर लाइट है ना." ती म्हणायची, "तुमारा लाइट सबको गोरा करता है." उन्हात रंग बघायची. मग गुंडा गालाला घासायची, ओठाला लावायची. सुताचं टोक शेठच्या उदबत्तीवर धरायची. गोळी होऊन चिकटलं तर नकली, राख झाली तर सुती, केस जळल्यासारखा वास आला तर खरी लोकर. झिपरी, केसाळ लोकर कितीही सुंदर असली तरी ती घ्यायची नाही, कारण मांजर चाटतं आणि ते धागे पोटात जातात. पीळ घट्ट हवा, म्हणजे नखं अडकत नाहीत. एका सोफ्याला लागणारे सगळे गुंडे एकाच वेळी, एकाच लॉटचे घ्यायचे. मागून आणलेला गुंडा कागदावर तोच नंबर असला तरी दुसऱ्याच घरचा वाटतो. हे सगळं ती शिकवायची तेव्हा मला वाटायचं, शाळेत असं हातात धरून कुणी शिकवलं असतं तर. मग वाटायचं, शिकवलंही असेल, आपणच पोट धरून बसलो होतो.

आणि शेवटी ती नवीन लोकर घरी न्यायची. मॅडमना ठाऊक नव्हतं. दोन दिवस तिच्या मांजरांच्या टोपलीत ठेवायची, मग विणायची. मी विचारलं तर म्हणाली की दुकानाचा वास असलेल्यावर जनावर बसत नाही. मला किळस आली होती. मी गुपचूप प्रत्येक गुंड्यावरचे केस काढायचे. या सवयीचं पुढं काय झालं ते सांगायचं म्हणूनच हे सगळं लिहितेय.

दसऱ्याच्या आधी मॅडमकडं सावंतकाका आले. मूळचे रत्नागिरीकडचे, मीरा रोडला राहायचे, नोकरीतून निवृत्त झालेले. त्यांची बायको उन्हाळ्यात वारली होती. मी त्या दिवशी सांगाडे आणायला गेले होते, म्हणून त्यांचं बोलणं ऐकायला मिळालं नाही. एवढंच कळलं की काकूंची एक तांबूस मांजर आहे, सुंठी नाव तिचं, ती काकू गेल्यापासून कपाटावर चढून बसलीय. जेवायला उतरते, परत वर. काकू खिडकीशी ज्या खुर्चीत बसायच्या तशीच एक लहान खुर्ची काकांना तिच्यासाठी करून हवी होती. त्यासाठी त्यांनी काकूंचं स्वेटर आणून दिलं होतं. काकूंनी स्वतः विणलेलं, चिंचेच्या कोवळ्या पाल्याच्या रंगाचं. भाईंदरात स्वेटर कुणाला लागतं, पण काकू संध्याकाळी पंख्याखाली ते घालून बसायच्या आणि मांजर त्यांच्या मांडीवर.

हिराबायनं ते स्वेटर पिशवीतून माझ्याकडं दिलं आणि म्हणाली, घरी नेऊन उसवून ठेव, गुंडे कर, विनायचं ते मी विनीन. एवढंच. तिची दुपारची बस होती आणि तिला घाई होती. मला आनंद झाला. पहिल्यांदा काहीतरी महत्त्वाचं एकटीकडं दिलं होतं. मी मनात म्हटलं, असं करून देऊ की कुणाला काही म्हणायला जागा राहणार नाही.

स्वेटर उसवताना त्यातून केस निघत होते. मांजराचे तांबूस, आखूड. आणि काही लांब, पांढरे. मी एकेक वेचून कागदावर ठेवला आणि कागद चुरगाळून टाकून दिला. उसवलेली लोकर वाकडीतिकडी, नागमोडी झाली होती. अशी लोकर लडी करून भिजवून खाली वजन लावून वाळवली की सरळ होते, हे मला हिराबायनंच शिकवलेलं. शिवाय आमच्याकडं गेलेल्या माणसाचा कपडा धुतल्याशिवाय कुणी वापरत नाही. आजी गेली तेव्हा मायनं तिची लुगडी सोडा टाकून तीन पाण्यांतून काढली होती, तेव्हा कुठं ती आत्यांना वाटली. न धुता कुणाच्या हातात देणं म्हणजे देणाऱ्याचा अपमान. तेव्हा रविवारी दुपारी नळाला पाणी आल्यावर मी मावशीची बादली घेतली आणि त्या लोकरीला तीन पाणी दिली. साबणाचं एक, साधं एक, आणि शेवटच्यात मावशीच्या डबीतलं सुगंधी औषध टाकलं, जे ती पाहुण्यांच्या चादरींसाठी ठेवायची. गॅलरीत दोरीला लडी टांगली, खाली खलबत्त्यातला बत्ता बांधला. संध्याकाळपर्यंत लोकर सरळ, मऊ, चमकदार. मावशीनं हात लावून पाहिला. "नवी दिसायलीय की," म्हणाली. मी त्या दिवशी आख्खी भाकरी खाल्ली.

दोन दिवसांनी मी गुंडे घेऊन जेसल पार्कला गेले. हिराबाय माझ्या आधी आलेली. आणि सावंतकाकाही होते. काकूंच्या खुर्चीचं माप कागदावर काढून आणलं होतं, पट्टीनं रेघा मारून. मॅडमनी माझ्या हातून पिशवी घेतली आणि उघडून त्यांच्यापुढं धरली. काकांनी एक गुंडा उचलला आणि सवयीनं नाकाशी नेला. मग तो तिथंच धरून राहिले. चेहरा बदलला असंही म्हणता येणार नाही. गुंडा परत पिशवीत ठेवत म्हणाले, "धुतलंय होय." आणि थोडं थांबून, "वास छान आहे."

मला वाटलं ते कौतुक करतायत. खरंच वाटलं. मी हसले असेन. मग मॅडमचा चेहरा दिसला आणि मी हसायची थांबले. मॅडम म्हणाल्या, "हिराबाय, मी तुम्हाला स्वतः सांगितलं होतं ना, पाणी लावायचं नाही म्हणून? काकांचा सगळा पॉइंटच तो होता. त्या वासाला मांजर खाली उतरेल म्हणून."

तेव्हा मला कळलं. अर्धंच कळलं. वास ठेवायचा होता, हे कळलं. माणसं असा वास का ठेवतात, ते नाही. आमच्याकडं तर तो जावा म्हणून सोडा टाकतात. मी तोंड उघडलं होतं. मी धुतलं, असं म्हणायला उघडलं होतं, असं मी स्वतःला आजवर सांगत आलेय. पण शब्द यायच्या आधी हिराबाय बोलली.

"माझ्या हातून झायलं," ती म्हणाली. "तुमी सांगितलेलं, डोक्यात न्हाय राह्यलं. धुवून टाकलं मी."

सुई तिच्या हातात चालूच होती. मॅडम तिच्याकडं बघत राहिल्या. मी हिराबायकडं बघत राहिले. तिनं माझ्याकडं पाहिलं नाही. आता तोंड उघडलं तर ती खोटी पडणार, नाही उघडलं तर मी. मला काय करायचं तेच कळेना, आणि कळेना म्हणता म्हणता वेळ निघून गेली. काका उठून पाणी मागायला लागले. मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, "तुमचं वय झालंय हिराबाय, चुका व्हायला लागल्यात." हिराबाय म्हणाली, व्हय.

काका जायला निघाले तेव्हा तिनं त्यांना दारात थांबवलं. काकूंची उशी घरात आहे का, विचारलं. काका म्हणाले, आहे, पलंगावरच आहे, खोळ बदललेली नाही. "कापसाची?" कापसाची. मॅडमकडं गादीत भरायला पांढरा नकली कापूस असायचा, ढगासारखा, कशाचाच वास नसलेला. हिराबाय म्हणाली की तो या खुर्चीत भरायचा नाही. उशी फोडून त्यातला भरायचा. पिंजायचा नाही, उन्हात घालायचा नाही, जसा निघेल तसा. "बाई तेल लावायच्या ना डोक्याला?" काका म्हणाले, खोबरेल, रोज. आणि ते पुन्हा येऊन खुर्चीवर बसले.

खुर्चीचं विणकाम मला करायला सांगितलं. हिराबायनंच सांगितलं. मी विणायला बसले आणि माझा हात पुन्हा घट्ट झाला, पहिल्या दिवसांसारखा. तोंडातून शब्द येईना. ती आली, अर्धं विणलेलं हातात घेतलं, उसवलं आणि मग मला परत सुरू करायला लावून स्वतः बोलत बसली. मुर्ध्यात भरतीचं पाणी अंगणात कसं यायचं, नवऱ्याच्या होडीत एकदा मांजर कसं लपून गेलं आणि परत येताना अर्धी मासळी त्यानंच संपवली, सासू तिला क्रोशा शिकवताना सुईनं टोचायची कशी. दोघींच्या वाटचं तीच बोलली. तिच्या डब्यातली तांदळाची भाकरी आणि सुकट तिनं मला दिली. मी ती खाल्ली आणि तिखटानं डोळ्यांत पाणी आलं, तेव्हा मला बरं वाटलं की पाण्याला कारण मिळालं.

शेवटी मी विचारलंच. मॅडम आत फोनवर होत्या. म्हटलं, काकी, माझी चूक तू का घेतलीस?

"तुझी कशी?" ती म्हणाली. "मी तुला सांगितलं व्हतं का धू नको म्हनून? न्हाय ना. मंग माझीच."

मी म्हटलं, पण धुतलं तर मी.

तिनं गाठ मारली, दातानं दोरा तोडला. "तुला परत जायचंय का दिवालीनंतर?"

मी मान हलवून नाही म्हटलं.

"मला कोन कुठं परत धाडनार? मी इकरंचीच हाय."

चूक नेमकी कुणाची, याचा हिशोब मी इतकी वर्षं मांडतेय. कधी तिच्याकडं थोडी जास्त जाते, कधी सगळी माझ्याकडं येते. मात्र गप्प राहिले ती मीच, यात कसलाच गोंधळ नाही.

खुर्ची पोचवायला आम्ही दोघी गेलो. सावंतकाकांचं घर नीटनेटकं, पण माणूस एकटं राहतं ते कळत होतं. टेबलावर एक ताट, एक वाटी, धुऊन उपडी. पलंगावर उशीची खोळ रिकामी, घडी करून ठेवलेली. खिडकीशी काकूंची वेताची खुर्ची. तिच्या शेजारी आमची ठेवली. हिरवी, दोन हातांची, पाठ थोडी मागं कललेली. सुंठी कपाटावर होती. फक्त शेपूट खाली लोंबत होतं. आम्ही तिघं उभे राहिलो. चहा झाला होता, तो तसाच राहिला. बऱ्याच वेळानं ती उतरली. खुर्चीपाशी आली, पायाला नाक लावलं, पाठीला लावलं, बैठकीला लावलं आणि तिथं थांबली. हिराबायनं माझं मनगट धरलं होतं. मग सुंठी वळली, खुर्ची ज्या खोक्यातून आणली होती त्या खोक्यात शिरली आणि खाली बसली.

मला वाटलं संपलं सगळं. आणि सावंतकाका हसायला लागले. हसता हसता चष्मा काढला, पुसला. म्हणाले, "अगदी हिच्यासारखी. नवीन साडी आणली की ही साडी बाजूला ठेवायची आणि पिशवीची घडी घालून जपायची." मग त्यांनी आमच्याकडं पाठ केली आणि खिडकीबाहेर बघत राहिले. आम्ही जावं की थांबावं, काम झालं की फसलं, मला काहीच समजेना. हिराबायनं खोकं उचलायचं नाही अशी खूण केली आणि आम्ही निघालो.

आठेक दिवसांनी काकांनी मॅडमना फोटो पाठवला. खुर्चीत सुंठी, कॅमेऱ्याकडं पाठ, नुसता गोळा आणि शेपटी. मॅडमनी तो सगळीकडं टाकला, आणि त्यावरून ऑर्डरी इतक्या आल्या की दिवाळीच्या आधी मॅडमनीच मावशीला सांगितलं, हिला गावाला परत पाठवू नका, हिची गरज आहे. मावशीनं बापूंना फोन लावला. बापू म्हणाले की हाताला कला आली म्हणजे शिकलीच म्हणायचं. मावशीनं हे दोनदा सांगितलं, कारण पहिल्यांदा माझा विश्वास बसला नाही. मग मावशीनं फोन माझ्या कानाला लावला आणि ठेवताना ते मला 'जयभीम' म्हणाले. शाळा सोडल्यापासून पहिल्यांदा. पाहुणे आले नाहीत.

हिराबायला मात्र दिवाळीनंतर बोलावणं कमी झालं. मॅडम वाईट नव्हत्या. त्यांना वाटलं बाई विसरायला लागल्यात, लांबून येतात, कशाला त्रास. एक काम माझ्याकडं आलं, मग दुसरं, मग सगळीच तिची कामं माझ्याकडं आली. मी दर महिन्याला ठरवायचे की आता सांगायचं. मॅडम सगळं आवरून दुसऱ्या शहरात मुलाकडं निघाल्या, त्या दिवशी सामान बांधायला मी गेले होते. शेवटचं खोकं दोरीनं बांधता बांधता सांगितलं. त्या म्हणाल्या, "कुठलं स्वेटर गं?" त्यांना आठवत नव्हतं.

फोटो मी मुर्ध्याला जाऊन हिराबायला दाखवला होता. तिनं मोबाइल लांब धरला, जवळ धरला. मी म्हटलं, काकी, पण तोंड दिसत नाही, खरंच बसली की फोटोपुरती ठेवली कुणास ठाऊक. ती म्हणाली, "पाठ दावलीय ना? मंग बसली. भरवशाबिगर मांजर पाठ कोनाला बी दावत न्हाय."

मी अजून जाते. तिच्या घराच्या तिन्ही बाजूंनी इमारती उभ्या राहिल्या आहेत, खाडीचा वारा आता एकाच खिडकीतून येतो. तिला दिसत नाही फारसं. सुई हातात दिली तर साखळी घालते, भराभर, लांबच लांब, पण खांबावर येऊन थांबते. मांजर एकच उरलंय, काळं, एका कानाचं. ते तिच्या जुन्या, विणलेल्या चॉकलेटी शालीत झोपतं आणि ती शाल ती हिवाळा-उन्हाळा खांद्यावर ठेवते. गेल्या वेळी मला म्हणाली, इतक्या मांजरांना खुर्च्या केल्यास, माझं काळं काय तसंच राहनार? मी म्हटलं, आत्ता करते, शेठकडून चांगली सुती आणते. ती हसली. "आत्ता न्हाय. आत्ता मी हाय ना त्याला बसायला."

तेव्हा इथं लिहून ठेवते, म्हणजे पाय मागं घेता येणार नाही. काकी, तुझ्या काळ्याला खुर्ची मी करीन. तू नसशील त्या दिवशी मी मुर्ध्याला येईन, ती शाल माझ्या हातानं उसवीन, केस तसेच राहू देईन, लोकर वाकडी असेल तर वाकडीच विणीन, विणताना तोंड बंद ठेवणार नाही, आणि पाण्याचा थेंबही तिला लागू देणार नाही.